उजव्या हातानं सोनं

कामचुकार माणसाची मला पहिल्यापासून चीड. भोपाळच्या कारखान्यात बावीस वर्षं फोरमनकी केली, ती काय उगाच नाही.

आमच्या शॉपमधला फिटर नीळकंठ, मूळचा नागपूरचा, माझ्या क्वार्टरसमोरच राहायचा. एक दिवस हलक्या कामाची चिठ्ठी घेऊन आला. "शांतारामभाऊ, उजव्या खांद्यातली नस अर्धी फाटलीये. तीन महिने जोर लावला नाही तर भरून येईल म्हणतात डॉक्टर." म्हटलं, नाचता येईना, अंगण वाकडं!

आठवड्यानं सकाळी खिडकीतून बघतो तर काय! पठ्ठ्या व्हरांड्यात माझ्याकडे पाठ करून उभा, आणि उजवा हात थेट डोक्याच्या वर, भिंतीला टेकलेला. सरळ मोठ्या साहेबांकडे गेलो. "सोंग आहे साहेब, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"अहो, तो व्यायाम होता, डॉक्टरांनीच सांगितलेला..." नीळकंठ गयावया करत होता.

"गप रे!" मी म्हणालो. चिठ्ठी रद्द झाली. मीच त्याला चेन पुलीवर लावला, डोक्यावरची साखळी दिवसभर ओढायला.

तिसऱ्या दिवशी तो किंचाळून खाली बसला. नस पुरती तुटली होती. ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत ती आत आक्रसून गेली, शिवायला काही उरलं नाही. फिटरचा शिपाई झाला. त्याची बायको रजनी माझ्या दारात बोटं मोडून गेली. मोडेना का! कावळ्याच्या शापानं गाय मरत नसते.

दसऱ्याला नीळकंठ आला आणि आपट्याची पानं डाव्या हातानं पुढे केली. माझं डोकंच फिरलं. "सणासुदीला डाव्या हातानं? उजव्यानं दे!"

"देतो, भाऊ." त्यानं पानं उजव्या मुठीत कोंबली. मग डावा हात उजव्या कोपराखाली घालून तो लोंबता हात वर उचलला. कपाळावर घाम आला होता.

"भिंतीवरही असाच ठेवायचो," तो म्हणाला. "पाठमोरा होतो ना, डावा हात तुम्हाला दिसला नसेल. घ्या भाऊ, सोन्यासारखं राहा."

माझी बायको वंदना तोंडाला पदर लावून आत गेली. लाज वाटली मला, खोटं कशाला बोलू? आणि लाज वाटायला लावली म्हणून त्याचाच संताप आला.

"जरा वर धर," मी म्हणालो. "मला वाकायला लावू नकोस."

त्यानं धरला.