डाव्या सीटवरची उशी

“ऐकू येतंय का?” ओमेटाने विचारलं. तिने फोन रेडिओला टेकवून धरला होता.

मी इंग्लंडमध्ये, रीडिंगच्या आमच्या स्वयंपाकघरात उभा होतो. नोव्हेंबर होता, चार वाजताच अंधारून आलं होतं. तिकडे बार्बाडोसला दुपार होती आणि मृत्यूची निवेदनं वाचायची वेळ झाली होती. आमचं माणूस कुठल्याही देशात जाऊन मेलं, तरी बेटावरच्या रेडिओने सांगेपर्यंत ते गेलं असं कोणी धरत नाही.

“युलीन ब्राथवेट,” वाचणारी बाई म्हणाली, “लीनी या नावाने परिचित. राहणार रीडिंग, इंग्लंड. डार्नली यांच्या पत्नी. दिवंगत मर्टल यांच्या कन्या. ओमेटा यांच्या भावजय…”

पुढे चुलत-मावस भावंडं, शेजारी, चर्चमधल्या बायका. ती यादी मीच ओमेटाला फोनवरून सांगितली होती. ओमेटा माझी थोरली बहीण. तिने फोन परत कानाला लावला.

“छान वाचलं रे. नावं सगळी आली ना?”

“आली,” मी म्हणालो.

सगळी आली नव्हती. ते मला जानेवारीत कळलं.

जानेवारीची तिकिटं आम्ही उन्हाळ्यातच काढली होती. दरवर्षी आम्ही तीन आठवडे ओमेटाकडे, ऑइस्टिन्सला जायचो. युलीनचं तिकीट परत करायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. विमानात शेजारची सीट रिकामी राहिली. तिथे मी कोट ठेवला.

पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी एक छोटी पांढरी गाडी येऊन थांबली. पन्नाशीचा एक माणूस उतरला. हातात किल्ली आणि कागद.

“मिसेस ब्राथवेट आहेत का? मी व्हर्नल. गाड्या भाड्याने देतो. त्यांची गाडी आणलीय.”

“आम्ही गाडी सांगितलेली नाही,” मी म्हणालो.

“ऑक्टोबरात सांगितलीय की. तीन आठवडे. फोनवर पाऊण तास बोलल्या माझ्याशी. गाडीबद्दल दहा मिनिटं, बाकी माझ्या आईच्या गुडघ्यांबद्दल.”

ती युलीनच होती. मी त्याला सांगितलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

“निवेदन मी ऐकलं होतं हो,” तो म्हणाला. “पण इथे ब्राथवेट काय कमी आहेत? माझ्या एका गल्लीत तीन घरं आहेत. माफ करा. गाडी घेऊन जातो मी.”

“कागद दाखवा.”

गाडी भाड्याने घ्यायची की नाही, हा आमच्यातला दरवर्षीचा विषय होता. युलीन म्हणायची, घेऊ या. तिला उत्तरेला, सेंट लूसीला, तिच्या आयोनमावशीकडे जायचं असायचं. बसने गेलं तर दोनदा बदलावी लागते आणि पुढे चढ आहे. चार वर्षांपासून तिच्याने तो चढ चढवत नव्हता. मी म्हणायचो, मी वर्षभर बस चालवतो, सुटीत मला स्टिअरिंग दिसायला नको. निवृत्त झाल्यावर म्हणायला लागलो, एकतीस वर्षं चालवली, आता पुरे. ती म्हणायची, मी चालवते. ती रीडिंगमध्ये वृद्धाश्रमात कामाला होती, रोज स्वतःची गाडी घेऊन जायची. तरी मी म्हणायचो, इथले रस्ते तुला जमायचे नाहीत. दोन्ही बाजूंना ऊस, समोरून काय येतंय ते दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी तिने विचारणं सोडलं. मला वाटलं, विषय संपला.

कागदावर चालकाच्या जागी तिचं नाव होतं. माझं नाव कुठेच नव्हतं. खाली व्हर्नलने पेन्सिलने लिहून ठेवलं होतं: बाई बुटक्या, सीट पुढे ओढणे. डाव्या सीटवर पाठीला उशी.

“उशी कशाला?” मी विचारलं.

व्हर्नल जरा घुटमळला. “म्हणाल्या, नवऱ्याची पाठ गेलीय. आयुष्यभर लोकांना घेऊन फिरला, आता त्याला मी फिरवते. आम्ही पोचेपर्यंत त्याला काही सांगू नका म्हणाल्या. सांगितलं तर भांडेल.”

डाव्या सीटवर निळ्या फुलांची उशी होती. व्हर्नलने घरूनच आणली असावी.

“ठेवा गाडी,” मी म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही. त्याने चालकाच्या जागी माझं नाव लिहून घेतलं, परवान्याचा नंबर लिहिला आणि चालत निघून गेला.

चार दिवस गाडी ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली उभी होती. मी जाऊन डाव्या सीटवर बसायचो. उशी बरोबर जागेवर लागत होती. ओमेटा खिडकीतून बघायची.

“अरे, चालवायची नसेल तर परत दे. कोंबड्या चढतायत तिच्यावर.”

“देतो.”

“नाही तर बाजारात तरी ने मला. मासे तरी आणू.”

“बघू.”

“बघू, बघू! तिलासुद्धा हेच म्हणायचास.” मग तिने खिडकी लावून घेतली.

पाचव्या दिवशी ती बाहेर आली ती मॉबीचा ग्लास घेऊन. सालीचं ते सरबत कडू असतं, मला आवडत नाही, हे तिला माहीत आहे. म्हणजे काहीतरी सांगायचं होतं.

“आयोनमावशीच्या शेजारणीचा फोन होता,” ती म्हणाली. “म्हातारी मानायलाच तयार नाही.”

“काय?”

“लीनी गेली, ते. म्हणते, रेडिओवरची ती दुसरीच कोणी होती. माझ्या लीनीचं निवेदन असतं तर त्यात माझं नाव असतं.” ओमेटा माझ्याकडे बघत नव्हती. “आईचं नाव घातलंस, डार्नली. मावशीचं राहिलं. मीही लिहून घेतलं आणि माझ्याही लक्षात आलं नाही.”

युलीनची आई मर्टल. युलीन सहा वर्षांची असताना ती इंग्लंडला निघून गेली आणि सोळाव्या वर्षी तिने युलीनला बोलावून घेतलं. मधली दहा वर्षं आयोनमावशीने सांभाळलं. वेण्या घातल्या, शाळेत पाठवलं, फटके दिले. आमच्या लग्नाच्या फोटोला युलीनने मावशीचा रुमाल हातात धरला होता. आणि मी तिचं नाव विसरलो.

“ती रोज व्हरांड्यात बसते,” ओमेटा म्हणाली. “शेजारणीला सांगते, लीनी यंदा गाडी घेऊन येणाराय, स्वतः चालवत. तसं लीनीनेच कळवलं होतं म्हणे. फोनवर म्हातारीला काही ऐकू येत नाही. कोणीतरी समोर जाऊन सांगायला हवं.”

“तू येतेस?”

“नाही,” ओमेटा म्हणाली. “यादी तुझी होती.”

मी उजवीकडून गाडीत शिरलो. गुडघे स्टिअरिंगला लागले. सीट तिच्या मापाने पुढे ओढलेली होती. ती मागे सरकवल्याशिवाय मला चालवता येणार नव्हतं. मी बराच वेळ तसाच अवघडून बसलो. मग खालची दांडी ओढली आणि सीट मागे गेली.

भाड्याच्या गाडीच्या नंबराआधी एच असतो. एच दिसला की लोक पाहुणा समजून लांब राहतात. एका वळणावर व्हॅनवाल्याने मला थांबून वाट दिली, हात केला आणि ओरडला, “डावीकडून चालवायचं हं, काका!” माझा जन्म ऑइस्टिन्सचा आहे. मीही हात केला.

आयोनमावशी व्हरांड्यात होती. एक्क्याण्णव वर्षांची, पाठ ताठ. तिने आधी गाडी पाहिली, मग मला.

“पाटीवर एच? पाहुणे झालात जावई?”

“मावशी…”

“आणि चालवलीत तुम्ही. म्हणजे येतं चालवता. लीनी म्हणायची, सुटीत येत नाही.”

मी पायरीवर उभा राहिलो. एकतीस वर्षं मी लोकांना शेवटचा थांबा आला म्हणून सांगत होतो. आता हे एक सांगायचं होतं.

“मावशी, युलीन…” मी मोठ्याने म्हणालो.

“आधी खा,” ती म्हणाली.

तिने नारळाचा पाव कापला. तीन तुकडे कापले. एक मला दिला, एक स्वतः घेतला, तिसरा फडक्यात गुंडाळून ठेवला. आम्ही खाल्लं. तिने मांडीवरचे कण झटकले.

“नोव्हेंबरात रेडिओवर एक युलीन गेली,” ती म्हणाली. “शेजारणीने शब्द न् शब्द माझ्या कानात ओरडून सांगितला. तिला आई होती, नवरा होता, नणंद होती. चर्चच्या बायकासुद्धा होत्या. मावशी नव्हती.”

“चूक माझी आहे, मावशी.”

“माझ्या लीनीला मावशी आहे.”

“हो.”

“मग परत वाचायला लावा. नीट. माझं नाव आईच्या वर. मी इथे बसून ऐकेन आणि मग काळे कपडे घालेन. तोवर ती यायची आहे.”

तेव्हा मला कळलं, तिला सगळं माहीत होतं. मी मान डोलावली.

ती काठी टेकत फाटकापर्यंत आली आणि गाडीत वाकून बघितलं.

“ही उशी कोणाची?”

“माझी,” मी म्हणालो.

तिने त्या उशीवर दोनदा थाप मारली, बसायच्या आधी मारतात तशी, आणि म्हणाली, “आता आणलीच आहे गाडी तर मला समुद्रापर्यंत न्या.” मी तिला नेलं. ती युलीनने माझ्यासाठी मागितलेल्या उशीला टेकून बसली.  वाटेत एकदाच म्हणाली, “हळू. तिला वेगाने चालवलेलं आवडत नाही.” मी हळू चालवली.

परत आल्यावर मी ओमेटाच्या टेबलाशी बसून यादी पुन्हा लिहिली. सगळ्यांत वर आयोनमावशी. लिहायला दोन मिनिटं लागली. रेडिओचं कार्यालय ब्रिजटाउनला आहे, गाडीने अर्धा तास. रोज सकाळी ओमेटा विचारते, “देऊन आलास?” मी म्हणतो, उद्या.

हे रेडिओवर वाचलं की सेंट लूसीच्या त्या व्हरांड्यातही युलीन गेलेली असेल. अजून तिथे ती यायची आहे. फडक्यात तिच्यासाठी पाव ठेवलेला आहे.

शनिवारी व्हर्नल गाडी न्यायला येणार आहे. रविवारी माझं विमान आहे. कागद माझ्या खिशात आहे. निवेदन द्यायचं अजून राहिलं आहे.