पयला तोडा

बसा जरा. तुमच्या बसला अजून येळ हाय, तवर एका म्हातारीची अन तिच्या परसातल्या भाजीची गोष्ट सांगतो.

इथून पुढं, गंगाखेडाच्या रस्त्याला लागून एक वाडी हाय. तिथं नर्मदाबाई राहती. दिवाळी झाली की तिचा पोरगा महारुद्र अन सून सविता ऊसतोडीला जातेत, लेकरंबी संगं. निम्मी वाडीच जाती. मागं राहतेत कुलपं अन म्हातारी माणसं.

यंदा जायच्या आधी सवितानं परभणीच्या कृषी प्रदर्शनातून बियाचं पाकीट आणलं. स्विस चार्ड. पालकाची थोरली बहीण समजा. पान ह्ये येवढं, देठ लाल, पिवळे. न्हाणीच्या सांडपाण्यावर दोन वाफे लावले अन म्हणली, "आत्याबाई, दीड महिन्यात खायला येतंय. नुसत्या चटणीवर दिवस काढू नका."

दीड महिना झाल्यावर रोज सांजच्याला सविताचा फोन. "खाल्ली का भाजी?"

"खाल्ली की. लय ग्वाड हाय."

सपशेल खोटं. म्हातारीनं एक पान मोडलं नव्हतं. तिच्या घरची रीत अशी, की परसातला पयला तोडा सगळ्यायनी एका पंगतीला बसून खायचा. अन तिला वाटलं, ही बी मेथीवानी. एकदा उपटली की संपली. मनून रोज पाणी घालायची, गवत काढायची, अन आत येऊन मिरचीसंगं भाकर खायची. लेकरं येऊस्तोर भाजी टिकली पायजे, येवढंच तिच्या डोक्यात.

संक्रांत झाल्यावर समोरच्या दिनकररावानं व्हिडिओ फोन लावून दिला. गडी जुना पोस्टमन, जिभेला हाड न्हाई. वाफ्यावर फोन धरून म्हातारीला म्हणला, "वैनी, ही भाजी हाय का केळीचं बन?"

तिकडं सवितानं फोन डोळ्याजवळ नेऊन बघितलं.

"आत्याबाई, ह्यातलं तर एकबी पान तोडलेलं न्हाई. मंग काय खायलाव रोज?"

"खायलेय की काहीबाही."

"अन मला ग्वाड सांगत होताव."

"तुमच्याबगर पयला तोडा कसा खाऊ, बाई?"

"आमाला दोन महिने हायेत अजून. तवर उन्हानं कडू व्हईल ती. भायेरली पानं मोडा, मधला कोंब ठिवा. आठ दिवसांत परत येतेत."

"उपटायची न्हाई?"

"न्हाई ओ."

दुसऱ्या दिशी म्हातारीनं पानं मोडली. देठं बारीक चिरली, लसणाची फोडणी दिली, मुगाची डाळ टाकली. हाताची सवय, कढई भरली पाच माणसांची. ताट वाढून बसली, पण घास काही उचलंना. उठली, वाटी झाकून दिनकररावाकडं गेली. त्यो सकाळीच लेकीकडं सेलूला गेलता. मंग गल्लीनं खालपस्तोर गेली. मागं राह्यलेली म्हातारी माणसंबी रानात गेलती. कुलूप, कुलूप, अन एका दाराला बांधलेली शेळी. वाटी तशीच घेऊन माघारी आली.

आता दर आठ दिवसाला पानं येतेत. ती मोडती, रांधती, झाकून ठिवती. स्वतः दोन घास खाती का न्हाई, देव जाणं.

तुमची बस त्याच वाडीवरून जाती. फाट्यावर उतरा, लिंबाजवळचं घर. ती इचारंल, जेवलाव का. जेवून आलो मनू नका. बसा तिच्यासंगं.