दुसरी पंगत

"नापास झाली का वो पोरगी?" कलाबाईने बोर्डाकडे न बघताच विचारलं.

"कुनी सांगितलं?" सूर्यभान शिपायाने खळीचा डबा खाली ठेवला. "वेटिंग लिष्टवर हाय ती. तिसरा नंबर."

"म्हंजी?"

या प्रश्नाची सूर्यभान वर्षभर वाट बघे. अकरा महिने कॉलेजात त्याला 'ए सूर्यभान' एवढीच हाक होती. जूनमध्ये मात्र राहुरी-नेवाशाकडून आलेले फेटेवाले त्याला साहेब म्हणत, आणि तो ते दुरुस्त करत नसे. नगरच्या त्या कॉलेजात अठरा वर्षं घंटा देता देता त्याने ऑफिसातले इंग्रजी शब्द कानांनी वेचले होते आणि एकेकाला धोतर नेसवून ठेवलं होतं. प्रोव्हिजनल म्हणजे सुपारी फुटली, हळद बाकी. टी. सी. म्हणजे माहेरची पाठवणी; त्याशिवाय सासरी उंबरा ओलांडू देत नाहीत. हेडक्लार्क आबासाहेबांच्या तासाभराच्या बडबडीतून जे उमगत नसे, ते सूर्यभान दोन वाक्यांत गळी उतरवी.

"पंगत बसलीय, बाई. पयल्या बारीचे पाट भरले. तुमची पोरगी दुसऱ्या बारीला, तिसऱ्या पाटावर. वाढपी येतोयच."

"उपाशी न्हाई ना ऱ्हायची?"

"अठरा वर्सांत तिसऱ्या नंबराचं कुनी ऱ्हायलं न्हाई. घरी कार्ड येतं. जावा निवांत."

यात खोटं काही नव्हतं. दर वर्षी ऑफिस कार्ड टाकतच असे.

कलाबाई सोनईची. नवरा गेलेला. दुष्काळी कामावर ती खडी फोडत होती, आणि मॅट्रिकची परीक्षा झाल्यापासून पोरगी भागिरथीही. गणितात ब्याऐंशी मार्क मिळवलेल्या पोरीच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. कॉलेज मिळालं तर ती भिंगारला मावशीकडे राहणार होती. नाही तर खडी होतीच.

भागिरथी हळूच म्हणाली, "आई, उद्या परत येऊन बोर्ड बघायचा का?"

"उद्या काय बोर्डाला फळं येत्यात व्हय?" सूर्यभान हसला. "कशाला कामाचा खाडा करता?"

कलाबाईही हसली. पोरगी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, आबासाहेबांनी टाईप केलेली चार ओळींची नोटीस दिली. सूर्यभानने चारही कोपऱ्यांना खळ लावली, मागे सरून ती सरळ आहे का पाहिलं आणि स्वतःवर खूश झाला. मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या त्या माणसाला इंग्रजी ऐकू येई, दिसत नसे. शुक्रवारी सकाळीच त्याला युनिव्हर्सिटीचं पार्सल आणायला स्टेशनवर पिटाळलं होतं.

आठव्या दिवशी मायलेकी पुन्हा दारात उभ्या.

"दादा, कार्ड न्हाई आलं. पत्ता तर बराबर हाय ना?" कलाबाईने त्याच्या हातात फडक्याची पुरचुंडी ठेवली. "सुकडी हाय. कामावर वाटत्यात. दोघींची राखून ठिवली. तुमी एवढं समजावलंत, मोकळ्या हातानं कसं यायचं?"

पुरचुंडी घेऊनच तो ऐटीत आत गेला.

"तिसरा नंबर?" आबासाहेबांनी मान वर केली नाही. "शुक्रवारी अकराला नावं पुकारली. हजर नव्हती. जागा चौथ्याला गेली. यादी बंद."

"पन साहेब, कार्ड—"

"बंद केली यंदा. पोचत नाहीत, मग लोक आमच्याशी भांडतात. मंगळवारपासून नोटीस आहे बोर्डावर." आता त्यांनी वर पाहिलं. "लावली कोणी रे ती?"

"म्याच."

"मग?"

"साहेब, चूक माजी हाय. एक जागा..."

"जागा काय मी खिशात घेऊन हिंडतो? पुढच्या वर्षी फॉर्म भरा म्हणावं."

बाहेर येऊन त्याने सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा, धोतर न नेसवता. कलाबाईला पटकन कळलं नाही.

"म्हंजी, वाढपी आलाच न्हाई?"

"आलता. तुमी पाटावर नव्हता. म्याच उठवलं तुमाला."

त्याने पुरचुंडी पुढे केली. कलाबाईने ती मागे सारली. "ऱ्हाऊ द्या. दिलेलं कुठं माघारी घेत्यात?"

भागिरथी बोर्डासमोर उभी होती. सूर्यभान तिच्यामागे जाऊन थांबला. "काय लिवलंय, वाच बरं पोरी."

तिने आधी इंग्रजीत वाचलं, कुठेही न अडखळता. मग चिंधीचं बोट ओळीवर ठेवून त्याला समजावलं, "वेटिंग लिस्टवरच्यांनी शुक्रवारी अकरा वाजता स्वतः हजर राहायचं. जो नसंल त्याचा हक्क जाईल. कार्ड पाठवणार न्हाईत." वळून तिने विचारलं, "कळलं का, मामा?"

"कळलं."

दोघी एस. टी. स्टँडकडे निघाल्या. पोरीचं बोट लागलं तिथे कागदावर खडीची पांढरी भुकटी उमटली होती.

"साहेब," मागून एका फेटेवाल्याने हाक मारली, "ह्ये प्रोव्हिजनल म्हंजी काय वो?"

"म्या शिपाई हाय," सूर्यभान म्हणाला. "आत इचारा."

नोटिशीचा एक कोपरा सुटला होता. सवयीने त्याने तो अंगठ्याने दाबला. खळ वाळून गेली होती. अंगठा उचलला की कोपरा पुन्हा उठे. दुसऱ्या हातात सुकडी धरून तो तसाच दाबून उभा राहिला.