दहावं नाव

तानूबाई कांबळे त्या बुधवारी तिसऱ्यांदा दवाखान्यात गेल्या. आधीच्या दोन्ही खेपा फुकट गेल्या होत्या. लसीच्या एका बाटलीत दहा जणांचे डोस, आणि बाटली एकदा उघडली की चार तासांत संपवायची. त्यामुळे दहा माणसं जमल्याशिवाय मोना सिस्टर बाटलीला हात लावत नसत. दोन हजार बावीसचा ऑगस्ट चालू होता. बूस्टर सगळ्यांना फुकट झाला होता, पण लोकांच्या मनातून कोरोना केव्हाच निघून गेला होता. सोमवारी चार माणसं आली, मंगळवारी सहा.

तानूबाईंना मात्र डोस हवाच होता. पुण्यात त्यांच्या मुलाला, सूरजला, दोन महिन्यांपूर्वी मुलगी झाली होती. सुनेनं, अक्षतानं, फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं, "आई, बूस्टर तेवढा घेऊनच या हं. बाळ अजून लहान आहे." रविवारी सूरज न्यायला येणार होता. नात त्यांनी अजून फोनच्या काचेवरच बघितली होती.

साडेदहापर्यंत बाकांवर नऊ माणसं झाली. लेकीकडे राहायला आलेल्या पेठ वडगावच्या झुंबरबाई होत्या, कॉलेजची दोन पोरं होती, बँकेतले एक गृहस्थ दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. अकरा वाजले तरी दहावं कुणी येईना. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती.

बँकेतले गृहस्थ उठले. "सिस्टर, मला ड्युटीवर जायचंय. जमत नसेल तर तसं सांगा." त्यांच्या पाठोपाठ पोरंही उठली.

मोना सिस्टर घाईनं दारात आल्या. "थांबा की जरा! एकच माणूस कमी हाय. कुणाच्या घरात कोण असंल तर फोन करून बोलवा." मग त्या तानूबाईंकडे वळल्या. "मावशी, तीन दिस झालं येताय. घरात कोण न्हाई व्हय तुमच्या?"

"मालक हायत," तानूबाई म्हणाल्या.

त्यांच्या नवऱ्याला, अण्णासोंना, जाऊन पंधरा महिने झाले होते. पण शब्द असा सहज आला, की जणू ते घरात पेपर वाचत बसले असावेत.

"मग येतील का ते?"

"येतील की. माझ्या मागनंच निघालेत. गुडघा धरलाय, हळू चालतात."

सिस्टरनी वही ओढली. "नाव?"

"अण्णासो कांबळे. वय अडुसष्ट."

"दुसरा डोस?"

"माझ्याबरोबरच झालाय."

पहिला डोस दोघांनी बरोबर घेतला होता, ते खरं होतं. दुसऱ्याला तानूबाई एकट्याच आल्या होत्या.

बँकेतले गृहस्थ खाली बसले. सिस्टरनी बाटली उघडली. तानूबाईंचा नंबर दुसराच लागला. सुई टोचून झाली आणि त्या डोसनंतर अर्धा तास बसायच्या खोलीत जाऊन झुंबरबाईंच्या शेजारी टेकल्या.

"मालक काय करत्यात तुमचं?" झुंबरबाईंनी विचारलं.

"एसटीच्या वर्कशॉपात होते. आता रिटायर."

"म्हंजे दिसभर घरात. डोक्याला ताप."

"तसं न्हाई. सकाळचा चहा तेच करतात. पर साखर घालतात ढीगभर. किती सांगितलं तरी ऐकत न्हाईत."

"पुरुष माणूस ऐकतोय व्हय!" झुंबरबाई खळखळून हसल्या. तानूबाईही हसल्या. मग त्यांनी अण्णासोंचं घोरणं सांगितलं. इंजिनाच्या आवाजावरून गाडीचा बिघाड ते कसे ओळखतात ते सांगितलं. दर वर्षी चौदा एप्रिलला पांढरा शर्ट स्वतः इस्त्री करतात आणि दर वर्षी कॉलर पिवळी करतात, तेही सांगितलं. पंधरा महिन्यांत त्यांच्याजवळ कुणी अण्णासोंचा विषयच काढला नव्हता. माणसं भेटत, चेहरा पाडत, आणि पाण्याच्या वेळा नाहीतर गॅसचा भाव काढत. सूरजसुद्धा. इथं या अनोळखी बाईपुढं नवऱ्याच्या कागाळ्या सांगताना तानूबाईंचा जीव कितीतरी दिवसांनी हलका झाला.

झुंबरबाईंची वेळ भरली. "येतो बरं का. मालकास्नी साखर कमी द्या," असं म्हणून त्या लेकीच्या स्कूटीवर बसून गेल्या. बँकेतले गृहस्थ गेले, पोरं गेली. साडेबाराला खोलीत तानूबाई एकट्याच उरल्या.

सिस्टर आत आल्या. "मावशी, कुठवर आलं मालक? एकच डोस राहिलाय. फोन लावा बघू."

तानूबाईंनी पिशवीतून फोन काढला. अण्णासोंचा नंबर सूरजनं बंद करू दिला नव्हता, आणि तो फोन तानूबाई आठवड्यातून दोनदा चार्ज करून टीव्हीजवळ ठेवत. त्यांनी नंबर लावला. बेल वाजायला लागली. आपल्या कुलूपबंद घरात तो फोन आता थरथरत असणार, हे त्यांना डोळ्यांपुढं दिसलं. वाजून वाजून बेल थांबली.

"उचलत न्हाईत?" सिस्टरनी विचारलं.

"न्हाई उचलणार," तानूबाई म्हणाल्या. "ते न्हाईत. गेल्या वर्षी मे महिन्यात गेले. कोरोनानंच."

सिस्टरांचा आवाज चढला. "मावशी, असं कुणी करतंय व्हय? डोस वाया गेला तर वर उत्तर कोण देणार? मी द्यायचं!"

"चुकलं माझं, बाई. तीन दिवस माघारी जात होते. आणि तुम्ही विचारलंत घरात कोण हाय का, तर तोंडातनं त्यांचंच नाव आलं."

सिस्टरनी जगमधलं पाणी पेल्यात ओतून त्यांच्या हातात दिलं आणि घड्याळाकडं बघितलं. "तीनपर्यंत टाइम हाय. बघू, कोण आलं तर."

"मी आणते कुणाला तरी," तानूबाई उठल्या.

आधी त्या गल्लीत बनाबाईंकडं गेल्या. बनाबाई तांदूळ निवडत होत्या. "आता कुठं हाय कोरोना? तुम्हीबी काय मनाला लावून घेताय, तानूबाई," म्हणून त्यांनी मान खाली घातली. कोपऱ्यावरच्या फळवाल्याला गाडा सोडता येत नव्हता. शिंप्याच्या दुकानातल्या दोघांना ताप यायची भीती होती. दीड वाजला. आता राहिला रिक्षास्टॉप.

त्या स्टॉपवरून तानूबाई पंधरा महिने गेल्या नव्हत्या. बाजाराला जाताना मागचा लांबचा रस्ता धरत. त्या मे महिन्यात अण्णासोंना धाप लागली तेव्हा कुणी गाडी काढायला तयार नव्हतं. अँब्युलन्सचा पत्ता नव्हता. सूरज पुण्यात अडकलेला, तानूबाई स्वतः तापानं फणफणलेल्या. स्टॉपवरचा रिक्षावाला सयाजी तेवढा तोंडाला फडकं बांधून आला, आणि अण्णासोंना खांद्याचा आधार देऊन रिक्षात बसवून घेऊन गेला. तानूबाईंनी नवऱ्याला शेवटचं बघितलं ते तेव्हाच. नंतर सयाजी समोर दिसला की त्यांचे पाय आपोआप वळत.

सयाजी रिक्षात आडवा पडला होता. त्यांना बघून तो दचकून उठला. "वैनी? जय भीम. काय झालं?"

"बूस्टर घेतलाय का तुम्ही?"

"न्हाई ओ."

"मग चला माझ्यासंगं. एक डोस राहिलाय."

त्यानं का, कशाला, काही विचारलं नाही. रिक्षाला चावी लावली. दवाखान्यात मोना सिस्टरनी वही उघडली, अण्णासोंच्या नावावर आडवी रेघ मारली आणि वरच्या जागेत सयाजीचं नाव लिहिलं. तानूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी नजर वळवली नाही.

डोस झाल्यावर दोघं बाकावर बसली. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज होता.

"त्या दिवशी," तानूबाईंनी शेवटी विचारलं, "रिक्षात काय बोलले का ते?"

काहीतरी चांगलं बनवून सांगावं असं सयाजीला वाटलं असेल, पण तो तसा माणूस नव्हता.

"काय न्हाई, वैनी. बोलवतच नव्हतं त्यास्नी. एकदा फकस्त म्हणाले, गाडीचा प्लग बदल. इंजन मिस मारतंय."

तानूबाईंनी पदर तोंडाला लावला. आतून आलेला आवाज रडण्याचा होता की हसण्याचा, सयाजीला कळलं नाही. तो उठून दारात जाऊन उभा राहिला.

"बदलला का मग?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी."

वेळ भरल्यावर त्यानं त्यांना रिक्षानं घरापर्यंत सोडलं. "चहा घेऊन जावा," त्या म्हणाल्या. सयाजीनं कुलूप लावलेल्या दाराकडं बघितलं. "आज नगं, वैनी. स्टॉपवर माझा नंबर लागंल," म्हणाला आणि रिक्षा वळवून गेला.

तानूबाईंनी आत येऊन साडी बदलली. सकाळची भाकरी होती, ती दुधात कुस्करून खाल्ली. चार वाजता दंड ठणकायला लागला आणि अंगात कणकण भरली. सिस्टरनी दिलेली गोळी त्यांनी घेतली. ताप आलाय हे कुणाला तरी सांगावं असं वाटलं, म्हणून सूरजला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. 'आई नंतर करतो' असा मेसेज आला. त्यांनी गोधडी ओढून घेतली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. रविवारला अजून चार दिवस होते.