मागल्या दारी टॉल युनिट

नव्या स्वयंपाकघराचं खूळ माझंच. ओट्याच्या फरशीचे टवके उडालेले, मांडणीला गंज चढलेला, आणि माझी लेक वैदेही पुण्याहून रोज ट्रॉल्यांचे फोटो पाठवून मला भरीला घालत होती. शेवटी रत्नागिरीतल्या विनीतला काम दिलं. पोरगा शिकलेला, बोलायला गोड. मापं घेताना त्याने माझी उंचीसुद्धा मोजली. ओटा काकूंच्या कमरेच्या बेताने हवा, म्हणाला. मी तिथेच विरघळले. या घरात माझ्या कमरेचा विचार आजवर कोणी केला नव्हता.

मला धूळ सोसत नाही, म्हणून काम सुरू झालं तशी मी लेकीकडे गेले. घरी राहिले आमचे हे, आणि तिथेच माशी शिंकली.

परत आले तेव्हा स्वयंपाकघर बघून डोळे निवले. आवाज न करता मिटणारे खण, काळा चकचकीत ओटा, डब्यांना हवी तेवढी जागा. मग नजर पलीकडच्या भिंतीवर गेली. मागलं दार होतं तिथे छतापर्यंत उंच कपाट उभं. त्याला टॉल युनिट म्हणतात.

“दार कुठे गेलं?”

“बुजवलं,” हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले. “विनीतने फोन करून विचारलं, ते दार वापरात आहे का? म्हटलं, तिकडून कोण येतंय!”

कोण येतंय! हा माणूस जन्मभर पुढच्या पडवीत बसला. पडवीत येतं तेवढंच जग, असा यांचा हिशेब.

मैना यायची. आमच्या मागच्या दगडी गडग्यापलीकडे तिचं घर. नवरा मुंबईला, मुलगा लोट्याच्या एमआयडीसीत, कंपनीत. सकाळची कामं उरकली की गडग्यातल्या वाटेने यायची आणि मागल्या दाराच्या उंबऱ्यावर टेकायची. मी नारळ खवायची, ती हाताशी असेल ती भाजी निवडायची, आणि दोघी मिळून गावाची हजेरी घ्यायचो. यांना सांगून उपयोग नाही आणि लेकीला सांगून तिच्या जिवाला घोर नको, असं जे जे मनात असायचं ते मी मैनाला सांगायची. मला दुसरं माणूस नव्हतं.

मी आल्याचं कळूनही ती आली नाही. मीच निरोप धाडला, तेव्हा रस्त्याने वळसा घालून पुढच्या दाराने आली. धुतलेलं लुगडं, दोन्ही खांद्यांवरून पदर. यांनी उठून खुर्ची दिली, मुलाची चौकशी केली. “बरा हाय,” ती म्हणाली. कपबशीतला चहा घाईघाईने संपवला. मी हौसेने ट्रॉल्या उघडून दाखवल्या. “बेस हाय,” म्हणाली आणि निघून गेली. त्यानंतर तिचं येणं बंदच झालं.

माझं डोकं फिरलं. विनीतला फोन लावला. तो बिचारा लगेच तयार झाला. “होईल काकू. कपाट हॉलमध्ये घेऊ, दार परत काढू. पण ओट्याचा कोपरा कापावा लागेल.” म्हटलं, काप. सोमवारी माणसं घेऊन येतो म्हणाला.

ही बातमी मैनाला माझ्याच तोंडून कळावी, म्हणून मी निघाले. गडग्याकडे जायला आता घरातून वाट नव्हती, रस्त्यानेच गेले. ती घरामागे कोकमाची सालं वाळत घालत होती.

“मैना, दार मी नाही बुजवलं. मी पुण्याला होते.”

“ठाव हाय. भाऊच उभे व्हते.”

“मग यायची का थांबलीस?”

“पुढल्या दारानं येऊन काय करू, वयनी? तिकडनं आलं की पावनी व्हते मी. भाऊ खुर्ची देतात. खुर्चीत बसून काय बोलायचं?”

“सोमवारी दार परत काढतायत. सांगितलंय मी.”

मला वाटलं, ती खूश होईल. ती हातातली सालं झटकत उभी राहिली.

“कशाला फोडताव? बरा दिसतो तुमचा ओटा. इतकी वर्सं मीच येत व्हते. आता तुमी या.”

आधी मला तिचा रागच आला. मग रागाला कारण सापडेना. गणपतीत, लग्नाकार्यात मी तिच्याकडे जायची ती पुढच्या अंगणातून, हळदीकुंकवापुरती. तिची चूल घराच्या कुठल्या अंगाला आहे, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. तिने चुलीपाशी पाट सरकवला, पुढ्यात चहा ठेवला. मी बसले, आणि इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं बोलून टाकलं. मध्येच रडूही आलं. ती म्हणाली, “च्या निवतोय.”

तिथूनच विनीतला फोन करून सोमवारचं रद्द केलं.

घरी आले तर हे पडवीत ताटकळत बसलेले. “अगं, चहा?”

“माझा झाला. मैनाकडे. आता रोज तिथेच होणार. तुमचा तुम्ही करून घ्या.”

हे आत गेले. नवे खण आवाज करत नाहीत, त्यामुळे काय चाललंय ते कळेना. मग हाक आली, “पातेली कुठे ठेवली आहेत?”

“सगळं काम तुमच्या देखत झालंय,” मी म्हटलं, आणि पडवीतल्या त्यांच्या खुर्चीत जाऊन बसले.