आरसेबाईंचा चौथा पिंजरा

"नाही हो आरसेबाई, हाही नाही." घड्याळाच्या कारखान्यातल्या वस्तादांनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि चिमट्यातला पिंजरा बाईंसमोरच्या काचेच्या बशीत अलगद ठेवला. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून खोटं बोलू का?"

"बोला की एकदा तरी. तिसऱ्यांदा ऐकतेय," बाई हसत म्हणाल्या आणि बशी स्वतःकडे ओढली.

करंगळीच्या नखाएवढा तो पोलादी पिंजरा. दोनशे वर्षांपूर्वी एका कारागिराने एका राजघराण्यासाठी खिशातलं घड्याळ घडवलं होतं. खिशात घड्याळ दिवसभर उभंच असतं, आणि उभं असलं की त्याचं धडधडणारं चक्र स्वतःच्या वजनानं कधी पुढे धावतं, कधी मागे रेंगाळतं. त्यावर या माणसानं युक्ती काढली. ते चक्र एका पिंजऱ्यात बसवलं आणि अख्खा पिंजराच मिनिटाला एकदा फिरता ठेवला. एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूनं भरून निघाली. कागदोपत्री त्याला टूर्बियाँ म्हणत. कारखान्यात सगळे नुसतं पिंजराच म्हणायचे.

तेच घड्याळ स्क्रूगणिक पुन्हा घडवायला कारखान्याला चार वर्षं लागली होती. बाकी सगळं जमलं होतं. अडलं होतं ते पिंजऱ्याच्या पॉलिशपाशी, म्हणजे बाईंपाशी. त्यांनी घासलेल्या पोलादात तोंड बघून भांग पाडावा, म्हणून तर त्यांना आरसेबाई नाव पडलेलं. आणि शनिवारी त्या निवृत्त होणार होत्या.

"चुकतंय तरी काय नेमकं?"

"तेच तर सांगता येत नाही. संग्रहालयातल्या जुन्या पिंजऱ्यात उजेड येतो आणि बसतो. तुमच्यात येतो, आणि लगेच निघतो."

"चहा न घेताच?"

"थट्टा नको, बाई. शनिवारपर्यंत जमलं नाही, तर वरची मंडळी मशीनवर करून घेणार आहेत."

"मशीनवर?" लेकीचं लग्न आपल्याला न विचारता ठरवावं, तसा बाईंचा चेहरा झाला. चौतीस वर्षांत त्यांनी सुट्ट्या मागितल्या नव्हत्या, नाव मागितलं नव्हतं. हा एक पिंजरा मात्र त्यांना हवा होता.

गुरुवारी संग्रहालयातल्या बाई मूळ घड्याळ घेऊन आल्या. बाळंतिणीनं तान्हं आणावं तशी मऊ पेटी छातीशी धरून. "तासभरच हं. आणि श्वास बाजूला सोडायचा."

आरसेबाईंनी नेहमीसारखे क्षणभर डोळे मिटले, मनातल्या मनात हात जोडले आणि भिंग लावलं. पिंजऱ्याच्या दांड्यांवर केसाहून बारीक रेघा होत्या. कारागिराचं मनगट वळतं, त्यामुळे प्रत्येक रेघेला किंचितसा बाक येतो. तो इथेही होता. बाईंनी आपला पिंजरा शेजारी धरला. पुन्हा मूळ बघितला. पुन्हा आपला.

बाक उलटा होता.

मांडीवर ठेवलेल्या डाव्या हाताची बोटं आपोआप हलली.

त्या सहा वर्षांच्या होत्या, तेव्हा आईनं जुन्या कापडाच्या पट्टीनं तोच हात कमरेशी बांधला होता. "लोक हसतील गं राणी," म्हणत, स्वतःच डोळे पुसत. पुढे इथे आल्यावर पहिल्याच दिवशी जुन्या वस्तादांनी दिवा आणि कामाचं टेबल दाखवलं. "इथे सगळं उजव्या हाताचं." बाईंनी मान डोलावली. उजवा हात इतका तयार झाला, की डावाही कधीकाळी चालत होता, हे त्या विसरून गेल्या.

"वस्ताद, हा माणूस डावखुरा होता."

"कशावरून? कुठल्या कागदात तसं लिहिलेलं नाही."

"कागदात कशाला येईल? लपवलं असेल बिचाऱ्यानं. मीही लपवलंच की."

वस्ताद स्टूल ओढून बसले. "तुम्ही? चौतीस वर्षं?"

"विचारलं कुणी?"

शुक्रवारी सकाळी बाईंनी दिवा उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला. कोरा, चौथा पिंजरा घेतला. लाकडी काडीला पॉलिशचा लेप लावून ती डाव्या हातात धरली. बऱ्याच वर्षांनी माहेरी आलेल्या लेकीसारखा हात आधी बुजला, दारातच घुटमळला. एकदा तर काडी निसटली; बाईंनी ती उचलून पुन्हा लेप लावला. पण दुपारपर्यंत हाताला घर आठवलं.

शनिवारी वस्तादांनी भिंग लावलं, ते काढेचनात. पिंजरा खिडकीकडे वळवला, मग परत दिव्याकडे.

"बसला," ते हळूच म्हणाले. "बाई, उजेड बसला."

संध्याकाळी घड्याळ मिटलं. पिंजरा दोन झाकणांच्या आत गेला. मूळ घड्याळातही तो तसाच झाकलेला होता. घड्याळाचे आराखडे काढणारा तरुण इंजिनिअर हळहळला, "एवढं केलंत, आणि कुणाला दिसणारच नाही!"

"त्या कारागिराचा तरी कुठे दिसत होता?" बाईंनी घड्याळ कानाशी धरलं. कितीतरी वेळ धरून राहिल्या. मग पदरानं न पुसता, कापडानं नीट पुसून परत दिलं.

फाटकाशी गेटवाल्या दादांनी शेवटची सही घ्यायला वही पुढे केली. बाईंनी पेन उजव्या हातात घेतलं, थांबल्या, आणि डाव्या हातात घेतलं. शाळेत नुकत्याच बसलेल्या पोरीसारखी अक्षरं उमटली, चढत, घसरत.

"अहो बाई, ही सही जुळत नाही. मागची पानं बघा की."

"जुळायची नाही दादा. पण आहे माझीच."

बाई निघाल्या. दादांनी वही स्वतःकडे वळवली, ती वेडीवाकडी ओळ क्षणभर बघितली, आणि शाई फिस्कटू नये म्हणून तिच्यावर हलकेच फुंकर घातली.