तळहातावरचा जुना संगणक

काकूंचं विणकामाचं यंत्र जुन्या संगणकावर चालायचं. तो संगणक जळाला आणि नव्यावर नक्षीचा प्रोग्राम काही केल्या उघडेना. "आता यंत्रही भंगारात काढू," काका म्हणाले. काकूंनी यंत्रावर चादर ओढली.

पुतणी मात्र हट्टाला पेटली. तळहाताएवढ्या एका बोर्डावर, म्हणजे छोट्या उघड्या संगणकावर, तिने जळालेल्या संगणकात होती तीच जुनी ऑपरेटिंग सिस्टिम आणि नक्षीचा प्रोग्राम चढवला. ओळखीचा निळा पडदा उजळला, तशा काकू खुर्ची ओढून बसल्या.

"अगं बाई, एवढ्याशा तुकड्यात माझा अख्खा संगणक मावला?"

"मावला, आणि वर जागाही उरली!"

काकूंची बोटं की-बोर्डवर सराईतपणे फिरली. यंत्र खडखडलं. पहिलीच ओळ तिरकी आली. काकू हसल्या, त्यांनी ती उसवली आणि म्हणाल्या, "लाल लोकर आण गं. दोघी मिळून बसवू नक्षीची घडी."